आधी जमीन, मग आकाश

जून १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाचा एक अंक निघाला. मुल्कराज आनंद त्याचे संपादक. एरवी कलेला वाहिलेल्या या नियतकालिकाने तो अंक मुंबईच्या नगररचनेला दिला होता. महापालिकेने नुकताच शहराचा विकास आराखडा मांडला होता आणि तिघा जणांनी त्याला दिलेले उत्तर या अंकात छापून आले: वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया, वास्तुशिल्पी प्रवीणा मेहता आणि बांधकाम अभियंता शिरीष पटेल. पटेलांनी आरेखित केलेला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्याच वर्षी उभा राहिला होता, देशातला पहिला.

तिघांचे म्हणणे मुंबईच्या भूगोलातूनच निघाले होते. उत्तर-दक्षिण पसरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला, राहणारी माणसे दरवर्षी आणखी उत्तरेला. सकाळी गाड्या एका बाजूने तुडुंब, संध्याकाळी दुसऱ्या बाजूने. दक्षिणेत आणखी कचेऱ्या घातल्या तर हा ताण वाढतच जाणार. म्हणून शहराला पूर्वेकडे, खाडीपलीकडच्या मोकळ्या जमिनीवर न्या, तिथे जोडशहर वसवा आणि सरकारने आपली कार्यालये सर्वांत आधी तिकडे हलवावीत, म्हणजे बाकीचे मागून येतील.

मुंबईच्या उत्तुंग इमारतींची गोष्ट या अंकापासून सुरू करावी असे मला वाटते. या शहराच्या स्कायलाइनचे खरे निर्णय भरावाच्या नकाशांवर, चटई क्षेत्राच्या नियमांत आणि न्यायालयांच्या निकालपत्रांत झाले. इमारती नंतर वर गेल्या. आणि त्या निर्णयांच्या तीन मोठ्या वळणांवर कोरिया हा माणूस उभा दिसतो. तिन्ही वेळा त्याच्याकडे आराखडा होता.

पण त्याआधी चाळीस वर्षे मागे जायला हवे.

जॉर्ज लॉइड १९१८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. शहरात राहायला जागा नव्हती, भाडी कडाडली होती. लॉइडसाहेबांनी १९२० मध्ये ‘डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ नावाचे स्वतंत्र खाते काढले आणि त्याच्यावर दोन अजस्र कामे सोपवली. एक, बॅकबेचा समुद्र बुजवून अकराशे एकरांहून अधिक जमीन काढायची. दुसरे, कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांच्या चाळी बांधायच्या. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसला.

दोन्ही कामे अर्धवट राहिली. चाळींच्या २०७ इमारती झाल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांची एकेक खोली, सिमेंट काँक्रीटच्या भिंती. याच आपल्या बीडीडी चाळी. समुद्राचे काम त्याहून फसले. ड्रेजरचा गाळ भिंतीच्या आत टिकेना, खर्च फुगत गेला आणि लोक या योजनेला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले. वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. हार्वी नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, तो नरिमन यांनी जिंकला. शेवटी योजनेच्या आठ खंडांपैकी चारच खंड पुरे झाले. त्यातल्या दोन खंडांवर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको घरांची रांग उभी राहिली. पाच-सहा मजल्यांची, गोलाई घेतलेल्या गच्च्यांची, सगळी जवळपास एका उंचीची. एकही इमारत शेजारणीच्या डोक्यावरून पाहत नाही, आणि म्हणूनच ती सारी कमान मिळून एक वास्तू वाटते. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हटले, तेव्हा या अपुऱ्या राहिलेल्या भरावाचाही तो गौरव होता.

उरलेले चार खंड स्वातंत्र्यानंतर नव्याने हाती घेण्यात आले आणि त्यातल्या टोकाला नाव मिळाले नरिमन पॉइंट. ज्या माणसाने भरावातला गैरकारभार उघडा पाडला, त्याचेच नाव भरावाच्या जमिनीवर लागले.

‘मार्ग’मधल्या सूचनेचे सरकारने काय केले? दोन्ही गोष्टी एकदम केल्या. १९७० मध्ये जोडशहरासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली, खाडीपलीकडची जमीन संपादित होऊ लागली, कोरिया तिथे मुख्य वास्तुशिल्पी झाले. आणि त्याच सुमाराला नरिमन पॉइंटचे भूखंड कचेऱ्यांसाठी देणेही चालू राहिले. या भूखंडांच्या वाटपाविरुद्ध खासदार पिलू मोदी यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, पण बांधकामे थांबली नाहीत. राज्याचे सचिवालय जागचे हलले नाही. नवे विधानभवन बांधायची वेळ आली तेव्हा तेही नरिमन पॉइंटलाच बांधले गेले, १९८१ मध्ये. जोडशहराचा मुख्य खांबच असा काढून घेतला गेला. मुंबईच्या नियोजनातली ही सर्वांत महागडी चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही खरे सांगायचे तर त्या भरावावर जे उभे राहिले त्याने शहराला नवा चेहरा दिला. तोवर भारतात उंच इमारत ही अपूर्वाई होती. मद्रासच्या माउंट रोडवरची एलआयसीची इमारत १९५९ मध्ये पुरी झाली; ब्रिटिश वास्तुशिल्पी मधेच निघून गेल्यावर ते काम एल. एम. चितळे या मराठी वास्तुशिल्प्याने तडीस नेले होते. मुंबईत कारमायकल रोडवर ‘उषा किरण’ ही पंचवीस मजली निवासी इमारत साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली. पण त्या एकट्यादुकट्या होत्या. नरिमन पॉइंटला पहिल्यांदा उंच इमारतींचा घोळका झाला. एक्स्प्रेस टॉवर्स जोसेफ अ‍ॅलन स्टाइन यांनी आरेखित केला. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर बांधणारे हेच ते अमेरिकन वास्तुशिल्पी. त्याच्या शेजारी ओबेरॉयचे पस्तीस मजली हॉटेल. आणि १९७४ मध्ये एअर इंडियाची २३ मजली इमारत. न्यूयॉर्कच्या फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांच्या कार्यालयाने ती आरेखित केली होती. माथ्यावर धनुष्य ताणलेला अश्वमानव, रात्री उजळणारा, स्वतःभोवती फिरणारा.

त्या फिरत्या चिन्हाने जे केले ते उंचीने झाले नसते. मुंबईत नव्याने येणाऱ्याला मरीन ड्राइव्हच्या दुसऱ्या टोकाला ते दिसे आणि आपण पोहोचलो याची खूण पटे. हिंदी चित्रपटांनी हा तुकडा इतक्या वेळा दाखवला की जे मुंबईला कधी आले नाहीत त्यांनाही तो ओळखीचा झाला. ओळख ही जोखीमही असते. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत शेअर बाजाराच्या इमारतीपाठोपाठ एअर इंडियाची इमारतही होती. नोव्हेंबर २००८ मध्ये ओबेरॉयचे हॉटेल. घाव घालणाऱ्यांनाही कळत होते की शहर स्वतःला कुठे पाहते.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला नरिमन पॉइंटची भाडी जगातल्या सर्वांत महाग भाड्यांत गणली जात. मग कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकू लागल्या. २०१३ मध्ये एअर इंडियाने मुख्यालय दिल्लीला नेले. आता ती इमारत १,६०१ कोटी रुपयांना राज्य सरकारकडे आली आहे. सरकारी कार्यालये तिथे जाणार आहेत. सरकार १९६५ मध्ये जिथून हलायला हवे होते, तिथेच ते आणखी विस्तारते आहे.

आता कोरियांच्या दुसऱ्या वळणाकडे येतो, कारण इथे हा विषय खऱ्या अर्थाने वास्तुकलेचा होतो. दक्षिण मुंबईतल्या गर्दीबद्दल इशारा देणाऱ्या त्याच तिघांनी एक उंच इमारत बांधली. कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’, १९८३ मध्ये पुरी झाली. आरेखन कोरियांचे, सोबत प्रवीणा मेहता, आणि काँक्रीटचा सांगाडा शिरीष पटेलांचा. २८ मजले, ८४ मीटर उंची, तळाची बाजू २१ मीटर, म्हणजे उंचीच्या चौथाई. एवढ्या इमारतीत घरे फक्त ३२.

कोरियांपुढचा प्रश्न मुंबईत राहिलेल्या प्रत्येकाला कळेल. वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. उत्तम देखावेही पूर्व-पश्चिमच: एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला बंदर. म्हणजे घराची तोंडे तिकडे हवीत. पण दुपारनंतरचे भाजणारे ऊन पश्चिमेचे, सकाळचे पूर्वेचे, आणि आषाढातला आडवा पाऊसही समुद्रावरूनच येतो. दक्षिण मुंबईतल्या जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती: घराभोवती खोल व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांड्याने झेलायचा आणि वारा आत सोडायचा. कोरियांनी तो व्हरांडा उचलून २८ मजल्यांच्या इमारतीत बसवला. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची मोकळी गच्ची कापून काढली. बाहेरून पाहिले की पांढऱ्या उभ्या ठोकळ्याचे कोपरे कुरतडल्यासारखे दिसतात आणि आतले रंग झळकतात. मधला गाभा आणि भिंती भूकंपाचा व वाऱ्याचा भार पेलतात, म्हणून कोपरे मोकळे सोडणे शक्य झाले; पटेलांच्या हिशेबाशिवाय ही कल्पना कागदावरच राहिली असती.

ही श्रीमंतांची इमारत आहे, यात शंका नाही. पण उत्तुंग इमारत मुंबईच्या हवेची असू शकते हे तिने सिद्ध केले. मग तिची वाट पुढच्यांनी का धरली नाही? कारण चटई क्षेत्र मोजणाऱ्या नियमांना खोल गच्चीत राम दिसला नाही. एकेक चौरस फूट विकायचा असला की मोकळा कोपरा तोट्यातच जातो. तिच्यानंतरचे बहुतेक टॉवर काचेने बंद झाले आणि वातानुकूलनाच्या भरवशावर उभे राहिले. नियम मोडून हाव धरणारेही होतेच. जवळच ब्रीच कँडीला ‘प्रतिभा’ या ३६ मजली इमारतीचे वरचे आठ मजले जादा चटई क्षेत्रापायी पाडण्याचा आदेश निघाला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो कायम केला.

कांचनजंगा पुरी होत असतानाच कोरिया खाडीपलीकडे, बेलापूरला, सिडकोसाठी बैठी घरे आरेखित करत होते. आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ती वस्ती ओळखली जाते. लहान भूखंड, कुणाची भिंत कुणाला लागून नाही, सात घरांना मिळून एक अंगण, आणि ऐपत येईल तसे घर वाढवायची मुभा. दाट वस्तीसाठी उंचीच लागते असे नाही, हे ते तिथे दाखवत होते. दोन्ही कामे एकाच हाताची, एकाच काळातली. कुठे काय शोभते याचा विचार जमिनीपासून करणारा माणूस असा असतो.

आणि मग गिरणगाव.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत, शिवडीपासून वरळीपर्यंत गिरण्यांची चिमणीरेषा तयार झाली. मुंबईची ती दुसरी स्कायलाइन होती, पर्यटकांच्या छायाचित्रांत फारशी न आलेली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून आलेल्या चाकरमान्याला चिमणी म्हणजे आपली गिरणी, भोंगा म्हणजे आपली पाळी. चिमण्यांखाली दातेरी छपरांची खाती, समोर चाळ, चाळीतल्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, खानावळवाली बाई, भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणपती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला माणसे पुरवणारा हाच भाग. मराठी माणसाच्या मुंबईची ओळख राजाबाई टॉवरच्या घड्याळापेक्षा या चिमण्यांशी अधिक जोडलेली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक थंडावल्या. उरली ती जमीन: ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन मध्यात, तीन रेल्वेमार्गांच्या आसपास. जगातल्या फार थोड्या शहरांना आपल्या पोटात अशी दुसरी संधी मिळाली असेल.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम साधा होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक-तृतीयांश महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. कागदावरचा हिशेब पाहिला तरी कुणाच्याही डोळ्यांत चमक यावी: शहराला दोनशे एकरांच्या घरात मोकळी जमीन आणि कामगारांच्या घरांसाठी तेवढीच. मालक अर्थातच नाखूश होते आणि जमिनी तशाच पडून राहिल्या.

१९९६ मध्ये राज्य सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. हे तिसरे वळण. त्यांना अभ्यास करता आला तो राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा. त्यांनी सुचवले की प्रत्येक गिरणीतून सुटा तुकडा घेऊ नका. सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा, मोकळ्या जागा एकमेकींना जोडा, सलग रस्ते आणि पादचाऱ्यांचे चौक काढा. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांपाशी माणसांना मोकळेपणी उतरता-चढता येईल असा प्रशस्त चौकही त्यात होता. अहवाल सरकारदरबारी पडून राहिला.

२००१ मध्ये नियम ५८ बदलला. आता वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. खाती, गोदामे, छपरे पाडून जी मोकळी होईल ती वाटणीत नाही. गिरण्यांचे आवार तर इमारतींनीच भरलेले असे. एका वाक्याच्या फेरफाराने सार्वजनिक वाटा नाममात्र उरला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने याला आव्हान दिले. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदललेला नियम वैध ठरवला. दरम्यान महामंडळाने गिरण्यांचे लिलाव केले होते. ज्युपिटर मिल २७६ कोटींना गेली, मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना.

आज लोअर परळच्या पुलावर उभे राहून दिसणारी स्कायलाइन म्हणजे या निकालाची प्रत आहे. श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ उभा आहे. ४४२ मीटर आणि ११७ मजल्यांची मूळ घोषणा होती. विमानांच्या मार्गासाठी उंचीची परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर, ७६ मजल्यांवर थांबला. वरळीला श्रीराम मिलच्या जागेवरचा ‘पॅलेस रॉयाल’ ३२० मीटरपर्यंत गेला. ताडदेवचे ‘इम्पीरियल’चे जुळे टॉवर त्याआधीचे, २०१० चे, तिथे पूर्वी झोपडपट्टी होती. मी या इमारतींचा द्वेष करत नाही. रात्री वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून त्या पाहताना शहराच्या जिद्दीचा अभिमान वाटतोच, आणि तो खोटा नसतो. पण त्यांच्या पायथ्याशी जाऊन पाहावे. सहा-आठ मजल्यांचा वाहनतळ रस्त्याला पाठ करून उभा, फाटकावर रक्षक, आणि बाहेर गिरणीच्या काळचाच अरुंद रस्ता. उंची वाढली, वाट तेवढीच राहिली. प्रत्येक मालकाने आपल्या कुंपणाआत आपले शहर बांधले.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस कोसळत होता. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. एकेकाळी ही स्थानके पाळीला येणारे कामगार वापरत; आता त्याच फलाटांवर टॉवरमधल्या कचेऱ्यांचे हजारो कर्मचारी उतरत होते. कोरिया-अहवालातला चौक ज्या भागासाठी सुचवलेला होता, तिथेच हे घडले. कोरिया २०१५ मध्ये गेले होते.

गिरणी कामगारांच्या वाट्याला २०१२ पासून म्हाडाच्या सोडती आल्या. अर्ज दीड लाखांवर, घरे काही हजार. उरलेल्यांना कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणी इथली घरे देऊ करण्यात आली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. त्यांची मागणी होती की घर मुंबईतच हवे. सरकारचे उत्तर जमिनीच्या टंचाईचे होते, आणि ते खरेही होते, कारण जमीन २००१ मध्येच हातातून गेली होती.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, १४ ऑगस्ट २०२५ रोजी, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजली इमारती, १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, आणि पत्ता वरळीचाच. याच जमिनीच्या उरलेल्या भागावर विक्रीचे टॉवर येतील आणि खर्च त्यातून निघेल. या योजनेबद्दल शंका आहेत: इतक्या दाटीत ऊन-वारा किती मिळेल, लिफ्ट आणि देखभालीचा भार ही कुटुंबे किती वर्षे पेलतील. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. बीडीडीचे रहिवासी वरळीत राहिले, कारण चाळीखालची जमीन शंभर वर्षे सरकारच्याच नावावर होती आणि ती मध्येच कुणाला विकली गेली नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या गिरणीत साचा चालवलेल्या माणसाच्या वारसाला वांगणीचा कागद दाखवला गेला, कारण त्याच्या गिरणीखालची जमीन विकली गेली होती.